पदवीधरांच्या प्रतिनिधीने सभागृहात काय बोलावे?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विधान परिषदेची निवडणूक जवळ आली की ‘राजकीय पुनर्वसन’ हे शब्द आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक बातमीत येतात. आणि निवडणूक आटोपली की निवडून गेलेला सदस्य सभागृहात काय बोलला, याची विचारपूस करायला मात्र कोणी उरत नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील पदवीधर व शिक्षक हे नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील मतदारांसह नाशिक विभागातून परिषदेवर आपले प्रतिनिधी पाठवतात. या जागांचा उपयोग काय, असा प्रश्न अनेक सुशिक्षित मंडळी उघडपणे विचारतात. त्याचे उत्तर शोधताना मला एका आयरिश सिनेटरच्या संसदीय कामाचा दाखला फार मोलाचा वाटला, आणि तो आपल्या वाचकांसमोर यावा म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मेरी रॉबिन्सन हे नाव जगाला माहीत झाले ते 1990 मध्ये निवडून आलेल्या आयर्लंडच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्षा म्हणून, आणि पुढे 1997 ते 2002 या काळातील संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्त म्हणून. त्याआधी 1969 ते 1989 अशी सलग वीस वर्षे त्या आयर्लंडच्या सिनेटमध्ये, म्हणजे तेथील संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, होत्या. पद लहान आणि अधिकार तुटपुंजे असलेली ही वीस वर्षेच आपल्याला अधिक शिकवून जातात, असे माझे मत आहे.

दूरच्या देशाचे उदाहरण आपल्याला कशाला, असे कोणी म्हणेल. पण हा देश आपल्या राज्यघटनेला परका नाही. आपली राज्याच्या धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे आयर्लंडच्या 1937 च्या राज्यघटनेवरून घेतलेली आहेत आणि राज्यसभेवर राष्ट्रपतींनी 12 सदस्य नियुक्त करण्याच्या तरतुदीमागेही आयरिश सिनेटचाच नमुना होता. फैजपूरला 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले आणि त्यात संविधान सभेची मागणी मांडली गेली, त्याच वर्षी आयर्लंडमध्ये तेव्हाचे सरकारप्रमुख डी व्हॅलेरा यांनी जुने सिनेट मोडीत काढले होते. पुढच्याच वर्षीच्या राज्यघटनेने ते नव्या रचनेत परत आणले. या नव्या सिनेटच्या 60 जागांपैकी 11 सदस्य पंतप्रधान नेमतात, 43 सदस्य शेती, कामगार, उद्योग-व्यापार, शिक्षण-संस्कृती आणि प्रशासन अशा पाच गटांतून निवडले जातात, आणि ज्या घटनात्मक तरतुदीखाली मेरी रॉबिन्सन निवडून आल्या तिने उरलेल्या सहा जागा विद्यापीठांच्या पदवीधरांसाठी ठेवल्या. तेथील पदवीधर टपालाने आलेल्या मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहून ती परत पाठवतो. आपण मतदान केंद्रावर आयोगाने दिलेल्या जांभळ्या स्केचपेनने उमेदवारांच्या नावांपुढे 1, 2, 3 असे आकडे लिहितो. आपल्या विधान परिषदेच्या 78 जागांपैकी पदवीधरांच्या सात आणि शिक्षकांच्या सात जागा याच विचारातून आलेल्या आहेत.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये कायद्याच्या प्राध्यापक असलेल्या मेरी रॉबिन्सन अवघ्या पंचविसाव्या वर्षी विद्यापीठाच्या जागेवरून निवडून आल्या. त्या काळच्या आयर्लंडमध्ये 1935 च्या फौजदारी कायद्याने गर्भनिरोधक साधनांची विक्री आणि आयात गुन्हा ठरवली होती, आणि 1929 च्या एका कायद्याने त्यांचा पुरस्कार करणाऱ्या लिखाणावरही बंदी होती. सुशिक्षित आणि पैसेवाली जोडपी आपापल्या ओळखीने मार्ग काढत. कायद्याचा खरा जाच गरीब घरातील, एकामागून एक बाळंतपणे सोसणाऱ्या बायकांना होता. या कायद्यात दुरुस्ती करणारे अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्र्याने नव्हे तर सदस्याने मांडलेले विधेयक, मेरी रॉबिन्सन यांनी जॉन होर्गन आणि ट्रेव्हर वेस्ट या दोन सहकारी सिनेटरांच्या साथीने 1971 मध्ये आणले. जुलैमध्ये ते सभागृहापुढे आले तेव्हा बहुमताने त्याचे पहिले वाचनही नाकारले. पहिले वाचन नाकारल्याचा तेथील नियमाने होणारा परिणाम असा, की विधेयक अधिकृतपणे छापले जात नाही. म्हणजे विधेयकाला विरोध करण्यापूर्वी लोकांनी ते वाचावे, एवढीही संधी सभागृहाला द्यायची नव्हती.

आपल्याला याची तीव्रता एकदम कळणार नाही, कारण भारत सरकारने 1952 पासूनच कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला होता. आपल्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर रंगवलेला लाल त्रिकोण जुन्या पिढीला अजून आठवत असेल. ज्या 1971 मध्ये आपल्या संसदेने वैद्यकीय गर्भपाताचा कायदा केला, त्याच 1971 मध्ये आयर्लंडमध्ये डब्लिनच्या आर्चबिशपांचे पत्र चर्चमधून वाचून दाखवले जात होते, आणि असा कायदा झाला तर तो देशाला शाप ठरेल असे त्यात म्हटले होते. बॅलिना या रॉबिन्सन यांच्या मूळ गावी, जेथे डॉक्टर असलेले त्यांचे आईवडील प्रार्थनेला जात, त्याच चर्चमध्ये धर्मगुरूंनी या मुलीवर टीका केली. शिव्याशापांची पत्रे येत राहिली. त्या स्वतः कॅथलिक होत्या, श्रद्धाळू घरातल्या होत्या, आणि तरीही बहुसंख्यांच्या धर्माची शिकवण फौजदारी कायद्याने सर्वांवर लादणे राज्यसंस्थेला शोभत नाही, या आपल्या भूमिकेवरून त्या हटल्या नाहीत.

त्यांनी 1973 मध्ये पुन्हा विधेयक आणले. त्या डिसेंबरात आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने एका मच्छीमाराच्या पत्नीच्या बाजूने निकाल दिला. चार मुलांच्या या आईला आणखी एक बाळंतपण जिवावर बेतेल असे डॉक्टरांनी सांगितलेले होते, आणि तिने परदेशातून मागवलेले साधन सीमाशुल्क खात्याने जप्त केले होते. दांपत्याच्या खासगी जीवनात राज्याला असा हस्तक्षेप करता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. तरीही 1974 मध्ये सिनेटने रॉबिन्सन यांचे विधेयक फेटाळले, आणि त्याच वर्षी सरकारने आणलेल्या सौम्य विधेयकाविरुद्ध खुद्द पंतप्रधान लियम कॉसग्रेव्ह यांनी मतदान केले. पुढे 1979 मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीवर साधने देणारा कायदा झाला, आणि 1985 मध्ये प्रौढांसाठी निरोध आणि शुक्राणुनाशके यांच्यापुरती ती चिठ्ठीची अटही गेली. पहिल्या विधेयकापासून येथवर चौदा वर्षे गेली. अंतिम कायदे दुसऱ्यांच्या नावावर आहेत. परंतु सभागृहाच्या वृत्तान्तात हा प्रश्न पहिल्यांदा नीट, कायद्याच्या भाषेत कोणी मांडला हे आजही वाचता येते. कारण आयर्लंडच्या संसदेने सिनेटच्या 1922 पासूनच्या चर्चा सदस्याच्या नावानिशी शोधता येतील अशा स्वरूपात सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत.

गाजावाजा न झालेले त्यांचे आणखी एक काम मला आपल्या दृष्टीने अधिक जवळचे वाटते. आयर्लंड 1973 मध्ये युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाला, आणि त्या समुदायाचे असंख्य नियम मंत्र्यांच्या आदेशांमधून देशात लागू होऊ लागले. या आदेशांची छाननी करण्यासाठी दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमली गेली, आणि रॉबिन्सन यांनी अनेक वर्षे तिचे काम केले. कलमे वाचणे, मूळ नियम आणि आदेश ताडून पाहणे, अधिकाराबाहेर काय गेले ते दाखवणे, असे हे काम. त्यातून मते मिळत नाहीत आणि छायाचित्रही छापून येत नाही. अनौरस ठरवलेल्या मुलांना पोटगी आणि वारसाहक्क मिळावा म्हणून त्यांनी 1974 मध्ये आणलेले विधेयकही तेव्हा तडीस गेले नाही. तो भेद कायद्यातून जायला 1987 उजाडावे लागले.

आता आपल्याकडे पाहू. खानदेशातल्या माणसाचे बरेचसे आयुष्य अधिनियमांपेक्षा शासन निर्णयांवर चालते. रावेर-यावलच्या केळी बागायतदाराला विम्याची भरपाई मिळणार की नाही, हे पारा किती अंशांखाली सलग किती दिवस राहिला आणि तो कोणत्या महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर मोजला गेला, यावर ठरते. आणि या अटी एका शासन निर्णयाच्या परिशिष्टात बारीक अक्षरांत छापलेल्या असतात. थंडीने करपलेली बाग डोळ्यांसमोर असते, पण केंद्राच्या नोंदीत तापमान अटीपेक्षा अर्ध्या अंशाने जास्त निघाले तर दावा तेथेच संपतो. अट कोणत्या आधारावर ठरवली, केंद्र आणि बाग यांतील अंतराचा विचार झाला काय, हे प्रश्न कलमवार विचारण्यासाठी शिकलेल्या मतदारांचा प्रतिनिधी नको, तर कोण हवा? धडगाव-अक्कलकुव्यातील कुपोषण आणि सिकलसेल, दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणारी आणि हजेरीपटावर मात्र राहणारी मुले, अमळनेर तालुक्यात पाडळसरे येथे दशकानुदशके अपुरे राहिलेले तापीवरचे धरण, हे सारे विषय भाषणांत येतात. त्यांचा पाठपुरावा अधिवेशनामागून अधिवेशन कोणी केला, हे मात्र आपल्याला सांगता येत नाही.

येथे एका आक्षेपाला सामोरे गेलेच पाहिजे. पदवी असलेल्याला आमदार निवडण्याचे एक मत जास्त का, हा प्रश्न रास्त आहे. सातपुड्यातल्या पाड्यावरच्या ज्या आईला शाळाच मिळाली नाही, तिला हा अधिकार नाही आणि मला आहे, याचे समर्थन समानतेच्या तत्त्वाने करता येणार नाही. ते एकाच प्रकारे होऊ शकते: ज्यांना ही जागा मिळालेली नाही त्यांच्यासाठी ती वापरली गेली, तर. वेतन, निवृत्तिवेतन, अनुदानाचे टप्पे हे शिक्षक-पदवीधरांचे प्रश्न खरेच आहेत आणि ते सुटलेच पाहिजेत; परंतु प्रतिनिधीचे सारे बोलणे तेवढ्यातच संपणार असेल, तर परिषद बंद करा म्हणणाऱ्यांना उत्तर देणे कठीण होईल. डब्लिनच्या प्राध्यापिकेने पदवीधरांच्या मतांवर मिळालेली जागा कोळीवाड्यातल्या आणि गिरणीतल्या बायकांसाठी खर्ची घातली, म्हणून ती जागा सार्थकी लागली.

आयर्लंडचेही सारेच अनुकरणीय आहे असे नाही. विद्यापीठाच्या जागांचा मताधिकार इतर उच्चशिक्षण संस्थांच्या पदवीधरांना देता यावा म्हणून त्यांनी 1979 मध्ये सार्वमताने घटना दुरुस्त केली आणि त्यानंतर चाळीस वर्षांहून अधिक काळ कायदाच केला नाही; शेवटी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले. सिनेट रद्द करण्यासाठी 2013 मध्ये सार्वमतही घेतले गेले, आणि 51.7 विरुद्ध 48.3 टक्के अशा निसटत्या फरकाने ते सभागृह वाचले. आपल्याकडे 2020 च्या जूनमध्ये राज्यपालनियुक्त 12 सदस्यांची मुदत संपल्यावर त्या जागा चार वर्षांहून अधिक काळ रिकाम्या राहिल्या, आणि 2024 च्या ऑक्टोबरात त्यांतील सात भरल्या गेल्या. साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांतील जाणकारांसाठी घटनेने ठेवलेल्या या जागा इतका काळ मोकळ्या राहूनही खानदेशातील एकाही पदवीधर संघटनेने मोर्चा काढल्याचे माझ्या ऐकिवात नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून आपल्या वृत्तपत्राला माझी एक विनंती आहे. विधिमंडळाचे प्रत्येक अधिवेशन संपल्यानंतर खानदेशाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या परिषद सदस्यांनी कोणते प्रश्न विचारले, कोणत्या विधेयकावर काय मत मांडले, कोणती अशासकीय विधेयके आणली आणि त्यांचे पुढे काय झाले, याचा नावानिशी वृत्तान्त आपण सलग छापावा. टिप्पणी नसली तरी चालेल. सदस्याचे शब्द जसेच्या तसे असावेत. पदवीधर मतदारांची यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने करावी लागते आणि नमुना क्रमांक 18 भरून पदवीच्या साक्षांकित प्रतीसह पुन्हा नाव नोंदवावे लागते. तो अर्ज घेऊन जेव्हा उमेदवारांचे कार्यकर्ते महाविद्यालयांत आणि घरोघरी येतील, तेव्हा हा वृत्तान्त मतदारांच्या हाताशी असावा, आणि विद्यमान सदस्य पुन्हा उभा असेल तर त्याच्या सहा वर्षांच्या भाषणांची प्रत त्याच्याच कार्यकर्त्याकडे मागता यावी.

आपला विश्वासू,
एक पदवीधर मतदार,
अमळनेर, जि. जळगाव