यकृताच्या शस्त्रक्रियेतली ऐनवेळची चिठ्ठी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

यकृताची शस्त्रक्रिया चालू असताना थिएटरचं दार उघडतं आणि बाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांच्या हाती चिठ्ठी येते : ‘फायब्रिन पॅच, दोन नग, ताबडतोब.’ पॅच म्हणजे रक्तस्राव थांबवण्यासाठी चिकटवायची पट्टी, हजारो रुपयांची. ती कशासाठी हवी आणि आधीच का मागितली नाही, हे कोणी सांगत नाही. ही पद्धत बंद व्हायला हवी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

यकृतातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहतं, म्हणजे हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळजवळ चौथा हिस्सा. त्यातलं सुमारे तीन चतुर्थांश आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून येतं, उरलेलं यकृताच्या रोहिणीतून. यकृताचा गर मऊ, टाका ओढला की फाटणारा. आतल्या शिरांच्या भिंती पातळ आणि त्यांना झडपा नाहीत, त्यामुळे हृदयाकडचा शिरांमधला दाब वाढला की रक्त उलटं जखमेत येतं. अशा ठिकाणी वरून काहीतरी चिकटवून भागत नाही. आधी प्रवाह कमी करावा लागतो. वाहत्या नळावर चिकटपट्टी टिकत नाही, तसंच हे.

म्हणून क्रम महत्त्वाचा. अचानक रक्त उसळलं तर पहिलं साधन म्हणजे दोन्ही तळहात : फाटलेल्या कडा एकमेकींवर दाबून धरायच्या आणि तेवढ्या वेळात भूलतज्ज्ञाला रक्त चढवू द्यायचं. त्यानंतर यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या जुडग्यावर क्लॅम्प, म्हणजे प्रवाह रोखणारा चिमटा. ही युक्ती ग्लासगोचे सर्जन प्रिंगल यांनी 1908 साली मांडली आणि आजही तीच वापरतात. साधारणपणे 15 मिनिटं बंद, 5 मिनिटं मोकळं. सिरोसिसने कडक झालेल्या यकृतात आणखी जपून. क्लॅम्प लावूनही गडद रक्त येतच राहिलं, तर ते बहुधा यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या मागच्या हिपॅटिक शिरांचं किंवा त्या जिथे मिळतात त्या महाशिरेचं असतं. तिथे रक्त थांबवायची पावडर टाकत बसणं म्हणजे वेळ घालवणं. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत यकृत कापून होईपर्यंत सलाईन आवरून देतात आणि हृदयाजवळच्या मध्यवर्ती शिरांचा दाब पाऱ्याच्या 5 मिलिमीटरच्या खाली ठेवतात. याने रक्तस्राव कमी होतो, पण उघड्या शिरेतून हवा आत ओढली जाण्याचा धोका असतो, तिकडे लक्ष हवंच. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा मोठी प्रत्येक शीर आणि पित्तनलिका क्लिपने किंवा धाग्याने बांधायची.

एवढं झाल्यावर कापलेल्या पृष्ठभागावरून जे झिरपतं, त्याच्यासाठी पॅच आणि रक्त थांबवणारं बाकीचं साहित्य आहे. जिलेटिनचा स्पंज, सेल्युलोजची जाळी आणि कोलॅजन नुसता आधार देतात. गुठळी रुग्णाच्या स्वतःच्या रक्ताने करायची असते. त्यामुळे रुग्ण गार पडला असेल, गुठळीला लागणारं फायब्रिनोजेन हे प्रथिन दर 100 मिलिलिटरला 150 मिलिग्रॅमच्या खाली गेलं असेल किंवा भराभर रक्त चढवताना कॅल्शियम उतरलं असेल, तर यातलं काहीही नीट काम करत नाही. अशा वेळी गरम ब्लँकेट आणि क्रायोप्रेसिपिटेट (प्लाझ्मातला फायब्रिनोजेनयुक्त भाग) जास्त उपयोगी.

वापरण्याच्या रीतीही वेगवेगळ्या आहेत आणि चुका तिथेच होतात. सेल्युलोजची जाळी कोरडीच ठेवायची. ती आम्ल असल्यामुळे तिच्यावर थ्रॉम्बिन (रक्त गोठवणारं द्रव्य) ओतलं तर थ्रॉम्बिनच निकामी होतं. रक्त थांबलं की जादा जाळी काढून घ्यायची. जी आत राहील तिची नोंद शस्त्रक्रियेच्या टिपणात हवी, कारण पुढे सीटी स्कॅनमध्ये तिच्यात अडकलेली हवा हुबेहूब गळवासारखी दिसते आणि रुग्णाचं पोट विनाकारण पुन्हा उघडण्याची वेळ येते. कोलॅजनची पावडर ओल्या हातमोज्याला चिकटते, म्हणून चिमटा कोरडा हवा. आणि सांडलेलं रक्त गोळा करून परत चढवण्याचं यंत्र चालू असेल तर ही पावडर वापरायचीच नाही. जिलेटिन-थ्रॉम्बिनच्या पेस्टला उलट ओली, रक्ताळलेली जागा लागते. ओला गॉज ठेवून दोन मिनिटं दाबायचं आणि उरलेली पेस्ट हळूच धुऊन काढायची. उघड्या शिरेच्या तोंडात ती कधीही भरू नये; गुठळी सरळ फुप्फुसात जाऊ शकते.

आता तो महागडा पॅच. जखमेच्या कडेपलीकडे एक-दोन सेंटिमीटर जाईल एवढा कापायचा, औषध लावलेली बाजू खाली, आणि ओल्या गॉजने तीन ते पाच मिनिटं सलग दाबून धरायचा. मध्येच उचलून पाहिलं की सुटला. हातमोजे आधी धुतलेले हवेत. गॉज काढताना पॅचची एक कड चिमट्याने धरून ठेवायची, नाहीतर गॉजबरोबर पॅचही निघून येतो. तो 25 अंशांपेक्षा जास्त उष्णतेत ठेवायचा नसतो. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि नातेवाईक तो स्कूटरच्या डिकीत टाकून आणतात! पाकीट एकदा फोडलं की उरलेला तुकडा पुन्हा निर्जंतुक करून वापरता येत नाही.

यातून रुग्णाचा फायदा किती? नेदरलँड्समधल्या चाचणीत (2012) फायब्रिन सीलंट (त्याच जातीचं चिकटद्रव्य) लावल्याने कापलेल्या पृष्ठभागाशी संबंधित गुंतागुंत कमी झाली नाही. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव रोखणारं औषध अपघाताच्या रुग्णाला तीन तासांच्या आत दिलं तर जीव वाचतात, पण ठरवून केलेल्या यकृत-शस्त्रक्रियेत त्याने रक्तस्राव कमी होत नाही आणि गुंतागुंत उलट वाढते, असं 2024 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. तरीही पॅच निरुपयोगी आहे असं आम्ही म्हणत नाही. झिरपणारी, टाका न धरणारी जागा असेल तेव्हा तो खरोखर कामाला येतो.

आग्रा-मुंबई रस्त्यावरच्या अपघातांत यकृत फाटलेला रुग्ण आधी छोट्या रुग्णालयात पोचतो. तिथे पॅचची गरज नाही, पॅकिंग, म्हणजे कापडाच्या घड्या (मॉप) ठेवून यकृत दाबणं, नीट यायला हवं. मॉप यकृताच्या वर आणि खाली, दोन्हीकडून दाब येईल असे ठेवायचे. भेगेत कोंबले तर भेग वाढते, फार घट्ट भरले तर महाशीर दबून रक्तदाब पडतो. एक्स-रेत दिसणारी पट्टी असलेलेच मॉप वापरावेत आणि त्यांची संख्या रेफरच्या कागदावर ठळक लिहावी. ते साधारण 24 ते 72 तासांत काढतात. फार लवकर काढले तर पुन्हा रक्त येतं, उशीर झाला तर पू होतो.

रुग्णालयांकडे आमचं मागणं असं. यकृताची शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक थिएटरमध्ये जाळी, पेस्ट आणि किमान दोन पॅच आधीच, योग्य तापमानात असावेत. मुदत दर महिन्याला एका ठरलेल्या परिचारिकेने तपासावी. लागण्याची शक्यता आणि किंमत संमतिपत्राच्या वेळीच सांगावी. बिलात ‘सर्जिकल साहित्य’ असं मोघम न लिहिता नाव, आकार आणि नग लिहावेत. फायब्रिनची उत्पादनं माणसाच्या प्लाझ्मापासून बनतात, म्हणून पाकिटावरचा बॅच क्रमांकाचा स्टिकर रुग्णाच्या फायलीत चिकटवलेला असावा. नातेवाइकांनी तो डिस्चार्जच्या दिवशी मागून घ्यावा.

— शस्त्रक्रिया आणि भूल विभागांत काम करणारे काही डॉक्टर, इंदूर