'दीवार'चा विजय डावा कुठे होता?

संपादक महोदय,
'दीवार' पिक्चरमधल्या विजयला (अमिताभ बच्चन) कामगारांचा हिरो म्हणायची आपल्याकडे पद्धतच पडलीय, पण तो नीट बघा ना. बाप युनियन लीडर, बायकापोरांना पळवल्यावर मालकांच्या कागदावर सही करतो आणि कामगारांचा राग निघतो पोराच्या, म्हणजे विजयच्या, हातावर 'मेरा बाप चोर है' असं गोंदून, तिथेच विजयचा संघटनेवरचा विश्वास संपतो. गोदीत हप्तेवाल्यांना तो एकटाच भिडतो, संपबिंप काही नाही, मग थेट स्मगलर होऊन आईने जिथे विटा वाहिल्या ती बिल्डिंगच विकत घेतो! १९७४चा रेल्वे संप सरकारने मोडला आणि १९७५ला हा पिक्चर आला, तेव्हा एकट्याने लढणारा माणूस पब्लिकला पटणारच. मला तरी तो डावा नाही, चिडलेला भांडवलदार वाटतो, शिट्ट्या मात्र मीही मारतो.
– एक वाचक, परळ