‘कोणास भेटायचे?’ : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सविनय नमस्कार.

मी परभणीचा. एकतीस वर्षं कॉलेजात ग्रंथपाल होतो, आता निवृत्त आहे. हे पत्र वहीतल्या एका रकान्याबद्दल आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत नात पुण्याहून आली होती. तिला मराठवाड्यातलं एक जुनं शिक्षणसंकुल आणि तिथलं ग्रंथालय दाखवायला घेऊन गेलो. संकुलाचं नाव लिहीत नाही, कारण दारावरच्या माणसाला उगाच नोटीस निघायची. त्यानं वही पुढे सरकवली. नाव, गाव, मोबाइल, वेळ आणि शेवटी ‘कोणास भेटायचे?’ मी लिहिलं, ‘ग्रंथालय’. त्यानं वाचलं आणि म्हणाला, “काका, माणसाचं नाव लिहा.” म्हटलं, माणसाला नाही भेटायचं, नुसतं बघायचंय. “मग साहेबांचं पत्र लागेल.” साहेब रजेवर. आम्ही समोरच्या गाड्यावर उसाचा रस पिऊन परत निघालो. बसमध्ये नात म्हणाली, “आबा, कुणाचं तरी नाव ठोकून द्यायचं ना!” पोरीला व्यवहार कळतो.

आता माझंही सांगतो. नोकरीत असताना मी हेच केलेलं आहे. एकदा सत्तरीचे एक गृहस्थ आले होते. ‘याच कॉलेजात शिकलो, वाचनकक्षात खिडकीपाशी बसायचो, ती जागा बघू द्या’ म्हणाले. मी त्यांना सभासद कार्ड मागितलं. वार्षिक पडताळणीत एक पुस्तक कमी भरलं तरी जाब ग्रंथपालाला विचारतात, त्यामुळे अनोळखी माणूस दिसला की आमचा हात आधी कपाटाच्या किल्लीकडे जातो. त्या गृहस्थांना पुस्तक नकोच होतं, हे मला ते जिना उतरून गेल्यावर सुचलं.

गेल्या डिसेंबरात भाच्याच्या लग्नाला हैदराबादला गेलो होतो. हळदीच्या गडबडीतून निसटून उस्मानिया विद्यापीठात जाऊन आलो. १९१८ साली सुरू झालेलं हे विद्यापीठ. उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी उर्दूतून देण्याचा प्रयोग तिथे झाला. माझ्या वडिलांची सही अखेरपर्यंत उर्दूत होती, त्यामुळे आर्ट्स कॉलेजच्या त्या गुलाबी ग्रॅनाइटच्या इमारतीपुढे मी पाहुण्यासारखा उभा राहूच शकलो नाही. ही इमारत १९३९ साली खुली झाली. कमान इस्लामी वळणाची, आणि खांब पाहावेत तर थेट आपल्या वेरूळ-अजिंठ्याची आठवण. पायऱ्यांवर पोरं फोटो काढत होती, कुणी डबा उघडून बसलं होतं. मला कुणी काही विचारलं नाही.

१९५८पर्यंत मराठवाड्यातली कॉलेजं याच उस्मानियाला जोडलेली होती. १९३८मध्ये वंदे मातरम् म्हटल्यावरून जे विद्यार्थी काढले गेले, त्यांत औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातलेही होते. पुढे अनेकांनी नागपूर विद्यापीठ गाठून शिक्षण पुरं केलं. हे मी कॉलेजात मुलांना किती वेळा सांगितलं असेल, पण प्रत्यक्ष त्या पायरीवर बसून वडिलांच्या वयाचा हिशेब घातला तेव्हा पोटात कालवलं. ते तेव्हा तेरा वर्षांचे होते.

असं आपल्याकडे काय कमी आहे? छत्रपती संभाजीनगरात नागसेनवन आहे. बाबासाहेबांनी १९५०मध्ये तिथे कॉलेज सुरू केलं, १९५१च्या १ सप्टेंबरला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. कॉलेजला नाव दिलं मिलिंद, म्हणजे प्रश्न विचारणारा राजा. परिसराला नाव दिलं नागसेन, म्हणजे त्याला उत्तरं देणारा भिक्खू. शिक्षणसंस्थेला याहून नेमकं नाव माझ्या तरी पाहण्यात नाही. जवळच विद्यापीठ आहे. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंनी त्याचं उद्घाटन केलं, पहिले कुलगुरू डोंगरकेरी. शेजारी सोनेरी महाल, मागच्या डोंगरात लेणी. वेरूळला आणि मकबऱ्याला बसगाड्या भरभरून येतात, पण सहलीच्या कागदावर ‘विद्यापीठ’ असं लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

आणि त्या विद्यापीठाचं ते गेट! १९७८मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव झाला, १९७९मध्ये नागपूरहून लाँग मार्च निघाला, खेड्यापाड्यांत घरं जळली, माणसं गेली आणि १४ जानेवारी १९९४ला ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. तेव्हापासून दरवर्षी त्या तारखेला गावोगावची माणसं येतात. बाप पोराला खांद्यावर घेऊन गेट दाखवतो, आजी कमानीकडे बघून हात जोडते. या माणसांना गेटच्या आत काय आहे, तेही रीतसर कुणीतरी फिरवून दाखवायला हवं. त्यांच्याइतका हक्काचा पर्यटक कुठल्या विद्यापीठाला मिळणार?

माझी मागणी बिनखर्चाची नाही, पण स्वस्त आहे. राज्यातल्या जुन्या विद्यापीठांत आणि कॉलेजांत आठवड्यातून एक दिवस, दोन तास, ‘परिसर व ग्रंथालय पाहणे’ हे कारण वहीत चालेल असं एक परिपत्रक काढा. परीक्षेचे दिवस वगळा. वाचनकक्षात गर्दी नको, अभ्यास करणाऱ्या पोरांना त्रास नको. दुर्मिळ ग्रंथांना कुणी हात लावू नये, जुना कागद नुसता उलगडला तरी तुकडे पडतात. दहा-बारा वस्तू काचेत मांडल्या तरी पुरे : एखादं मोडीतलं दप्तर, निजामाच्या काळातलं उर्दू पाठ्यपुस्तक, दाखल नोंदवहीचं पहिलं पान. खाली मराठीत चार ओळी. पहिल्या पानावर पहिलं पुस्तक कोणतं नोंदवलंय, हे बघायला मी स्वतः तिकीट काढून जाईन. फिरवून दाखवायला ‘कमवा व शिका’तली पोरं आहेतच. बागेला पाणी घालण्याऐवजी त्यांना इतिहास सांगायचे पैसे द्या. आणि पाहुणे आले म्हणून पुस्तक गहाळ झाल्याचा ठपका ग्रंथपालावर येणार नाही, एवढं परिपत्रकात स्पष्ट लिहा. नाहीतर माझ्यासारखा कुणीतरी पुन्हा कार्ड मागेल.

दिवाळीत नात परत येणार आहे. तोवर रकाना बदलला तर बरं, नाहीतर ती खरोखरच कुणाचं तरी नाव ठोकून देईल. बहुधा आपलंच.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल, परभणी