मागच्या अंगणाच्या भिंतीचा हिशेब

साक्री, जि. धुळे
१२ जानेवारी २०२६

चि. सौ. मनू हिस आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस की, एकाच भिंतीला एक ठेकेदार एक लाख दहा हजार, दुसरा पावणेतीन लाखांच्या वर आणि तिसरा सव्वातीन लाख सांगतो, तर यातला आपल्याला फसवणारा कोणता. फोनवर आकडे सांगताना माझी आणि ऐकताना तुझी ओढाताण होते, म्हणून सविस्तर लिहिते. माझ्या मते तिघांपैकी कोणीही फसवत नाही. तिघे तीन निरनिराळ्या वस्तूंचे भाव सांगत आहेत आणि आपण मात्र तिन्हींना ‘भिंत’ असे एकच नाव देऊन तुलना करीत आहोत.

आपली गरज अशी आहे. मागचे अंगण नाल्याच्या बाजूला साठ फूट लांब असून अंगण आणि खालची जमीन यांच्यात सहा फुटांचा फरक आहे. तुझ्या आजोबांनी रचलेल्या कोरड्या दगडी बांधाला आता मधोमध पोट आले आहे आणि वरच्या दोन थरांतले दगड सुटले आहेत. तो बांध पुन्हा रचून भागणार नाही, कारण त्याच्या मागे भरलेली सगळी काळी माती आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते, पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून थेट खोल उतरते आणि मग फुगलेली माती बांधाला बाहेर लोटते. आपल्याकडे पाऊस कमी म्हणून ही भीती कमी, असे जावईबापू म्हणाले होते; पण या मातीत महिनाभर कोरडे राहून एकदम भिजणे हेच जास्त घातक ठरते.

एक लाख दहा हजारांत जी भिंत मिळणार आहे ती नऊ इंची विटांची, मध्ये खांब दिलेली, म्हणजे कंपाउंडची भिंत आहे. तिच्या दोन्ही बाजूंना मोकळी हवा असेल तर ती वर्षानुवर्षे उभी राहील. मात्र एका बाजूला सहा फूट माती भरली की तिचे काम बदलते. मी आयुष्यभर गणित शिकवले, म्हणून हा भाग तुला टाळता येणार नाही. मातीचा भिंतीवरचा धक्का उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि भिंतीला उलथवण्याचा जोर घनाच्या प्रमाणात. म्हणजे तीन फुटांची भिंत सहा फुटांची केली की धक्का चौपट आणि उलथवण्याचा जोर आठपट होतो. निचऱ्याच्या मुरुमाची सहा फुटी भर दर मीटर लांबीला साधारण एक टनाने ढकलते. त्याच भरीत पाणी तुंबले तर हा आकडा दुपटीवर जातो, कारण मातीचे वजन काही प्रमाणात ती स्वतःच पेलून धरते, पाणी तसे करीत नाही. मातीच्या दाबाचे हे गणित कुलोम नावाच्या फ्रेंच लष्करी अभियंत्याने मांडले व ते १७७६ साली छापले गेले. विजेच्या धड्यात ज्याचे नाव तू पाठ केले होतेस तोच हा. त्याआधी काही वर्षे तो मार्टिनिक बेटावर किल्ल्याच्या बांधकामावर होता, हे शाळेत मात्र कोणी सांगत नाही.

आता दुसऱ्या दराकडे येते, कारण मला तोच खरा वाटतो. ही काळ्या डबराची, म्हणजे ओबडधोबड दगडांची, सिमेंटच्या मसाल्यात बांधलेली वजनदार भिंत आहे. माथ्याला दीड फूट, जमिनीलगत साडेतीन फूट आणि खाली साडेचार फूट रुंदीचा अडीच फूट खोल पाया. मातीचा धक्का ती केवळ स्वतःच्या वजनावर अडवते, म्हणून तिच्यात दगड वाचवायला जागा नाही. मी छेद काढून हिशेब केला तेव्हा एकूण काम १,५७५ घनफूट, म्हणजे शंभर घनफुटांचा एक ब्रास धरून पावणेसोळा ब्रास भरले. मला मिळालेला दर ब्रासला साडेतेरा हजार आहे, त्यामुळे बांधकामाचेच दोन लाख बारा हजार होतात. पायाखालच्या सहा इंच काँक्रीटचे सव्वीस हजार, जेसीबीने खोदाईचे सात, काळी माती काढून मागे मुरूम भरण्याचे साडेतेरा, भिंतीच्या पाठीशी एक फूट जाडीचा दगडगोट्यांचा थर देण्याचे साडेबारा आणि नळ्या व गाळणीचे कापड यांचे साडेपाच हजार. बेरीज दोन लाख शहात्तर-सत्त्याहत्तर हजारांवर जाते. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याचा फायदा आपल्याला दोन-अडीच हजारांचाच होईल, कारण या भिंतीत मोठा वाटा दगडाचा आणि मजुरीचा आहे.

या यादीतले शेवटचे दोन खर्च मिळून अठरा हजारांचे आहेत आणि घासाघीस सुरू झाली की प्रत्येक जण आधी त्यांवरच काट मारतो. तुझे आप्पाही मारीत होते. दगडकाम करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीने मात्र अहिराणीत साफ सांगितले, ‘माय, पहिले पानीले वाट करी द्या.’ त्याच्या सांगण्याप्रमाणे दर पाच फुटांवर तीन इंची नळी, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन, दोन ओळींत आणि वरची नळी खालच्या दोन नळ्यांच्या मधोमध, अशा चोवीस नळ्या लागतील. नळीचे आतले तोंड मातीत उघडे ठेवले तर ते दोन पावसाळ्यांत गाळाने बुजते, म्हणून त्यामागे गोट्यांचा थर आणि थर व मुरूम यांच्यामध्ये कापड हवेच. शिवाय आपल्या गच्चीचे पाणी सध्या अंगणातच पडते. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस झाला तरी सुमारे २,३५० लिटर पाणी होते, आणि ते सगळे आपण आपल्या हाताने भिंतीच्या पाठीत ओतत असतो. ते पाइपाने विहिरीकडे वळवण्याचे चार हजार मी वेगळे धरले आहेत.

सव्वातीन लाखांची भिंत सळई-काँक्रीटची आहे. तिला जागा कमी लागते, पण सव्वा टनाच्या वर लोखंड आणि काँक्रीट ओतण्यासाठी दोन्ही बाजूंना लावायची सेंट्रिंग यांत पैसा जातो. डबर दुरून आणावा लागणाऱ्या गावी मी तीच निवडली असती. आपल्या धुळे-नंदुरबार पट्ट्यात तर लाव्हारसाने जमिनीतल्या भेगा भरून तयार झालेले काळ्या दगडाचे कणे मैलोगणती उघडे पडलेले आहेत. दगडाला इथे तोटा नाही आणि तो बांधणारे हातही अजून आहेत.

मला खर्च कमी करायचाच आहे, पण तो भिंत बारीक करून किंवा नळ्या गाळून करायचा नाही, उंची कमी करून करायचा आहे. साठपैकी चाळीस फुटांत एका सहा फुटी भिंतीऐवजी तीन-तीन फुटांच्या दोन पायऱ्या केल्या आणि दोन्हींमध्ये सहा फूट अंतर सोडले, तर वरच्या भिंतीचा भार खालचीवर येत नाही. हे अंतर खालच्या भिंतीच्या उंचीच्या दुप्पट तरी असावे असा ठोकताळा आहे. स्वयंपाकघरामागच्या वीस फुटांत एवढी जागा नाही, तिथे सहा फुटी भिंतच घ्यावी लागेल. असे केल्यास बांधकाम सव्वाबारा ब्रासच्या आत बसते. पाया दोन ठिकाणी घालावा लागत असल्याने काँक्रीट पाच हजारांनी वाढते, खोदाई आणि नळ्या थोड्या वाढतात, तरी सगळे मिळून आणि गच्चीच्या पाइपासह आकडा दोन लाख पस्तीस हजारांवर येतो. ऐनवेळी पायाखाली पोकळ भर निघाली तर खोल जावे लागेल, त्यासाठी वीस हजार राखून ठेवले आहेत. आप्पांना अंगण आखडते याचे वाईट वाटते, आणि बिबड्या-कुरडया वाळवायला जागा कुठे उरणार हा माझाही प्रश्न आहे. पण मधला पट्टा सपाट असल्याने एका खाटेपुरती वाळवणे तिथेही होतील. तिथे कढीपत्ता आणि मोगरा लावू. शेवग्याचा हट्ट धरू नकोस, भिंतीलगत मोठे झाड नको.

आता वेळेचे सांगते. काम संक्रांत झाल्याबरोबर सुरू करायचे, कारण बांधकामावर किमान दहा दिवस गोणपाट भिजते ठेवावे लागते आणि मार्चनंतर विहिरीवर तेवढे पाणी मिळत नाही. टँकरचा खर्च या हिशेबात धरलेला नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तू माहेरी येशील तेव्हा मागची भर पूर्ण झालेली असेल, आणि मृगाआधी तिला बसायला अवधी मिळेल. नाल्याच्या बाजूची हद्द भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीने आधीच नक्की करून घेतली आहे व नगरपंचायतीकडे अर्जही दिला आहे. डबर आणि मुरूम स्वामित्वधन (सरकारी रॉयल्टी) भरलेल्या वाहतूक पावतीसह घ्यायचे असे मी ठेकेदाराला बजावले आहे, नाहीतर गाडी अडली की दंडाचा वाद आपल्या दारात येतो.

ठेकेदाराने रनिंग फुटाचा, म्हणजे नुसत्या लांबीवरचा दर मागितला होता, तो मी नाकारला. त्या दरात पाया किती खोल गेला हे बुजवल्यावर कळत नाही. आपण ब्रासवर पैसे देणार, पायाचे माप माती टाकण्यापूर्वी घेणार आणि गोट्यांचा थर व कापड मला दाखवल्याशिवाय मुरूम पडणार नाही, असे कागदावर लिहून घेतले आहे.

तू लाखभर रुपये देऊ केलेस. त्यातले साठ हजार दगड उतरण्यापूर्वी, म्हणजे २० तारखेच्या आत माझ्या खात्यावर पाठव आणि उरलेले चाळीस वरची भिंत सुरू होईल तेव्हा दे. बाकीचे आमच्या मुदत ठेवीतून होतील. ती मार्चमध्ये संपते, म्हणून मधल्या बिलांना तुझे पैसे वेळेवर हवे आहेत. जावईबापूंना हा हिशेब वाचून दाखव आणि त्यांना कुठला आकडा खटकला तर मला काम सुरू होण्याआधी कळव.

तुझी,
आई