आई, बाबांना तूच सांग

ऑकलंड
फेब्रुवारी, रविवार रात्र

आई,

व्हॉट्सॲपवर टाकलं असतं तर बाबांनी आधी वाचलं असतं म्हणून पत्र लिहितेय, तू एकटीने वाच. आज मी आणि चिनू बोट घेऊन समुद्रात गेलो होतो मासे पकडायला. दोघीच. ह्यांना बोट लागते, ते किनाऱ्यावर चहा पीत बसले.

मला माहितीये आपल्या कोळ्यांत बायकांनी बोटीवर चढायचं ते नारळी पुनवेला नटूनथटून, बाकी आपलं राज्य धक्क्यावर आणि बाजारात. तू चाळीस वर्षं पाटी घेऊन बसलीस पण बाबांचं डोल जाळं कुठे लागतं ते तू कधी बघितलं नाहीस, म्हणून पहिलं तुलाच सांगतेय.

बोट शेजाऱ्याची, ॲल्युमिनियमची, पाच मीटरची, आपल्या होडीपुढे खेळणंच. इथे एवढ्या बोटीला लायसन्स लागत नाही, तरी मी डे स्किपरचा, म्हणजे बोट चालवायचा, कोर्स केलाय, बाबांना हे आवर्जून सांग. पहाटे पाचला निघालो तेव्हा तुमच्याकडे शनिवारचे रात्रीचे साडेनऊ, तुम्ही जेवून उठला असाल. लाइफजॅकेट घातली, कुठे जातोय किती वाजता येणार ते कोस्टगार्डला रेडिओवर कळवलं आणि राकिनो बेटाच्या पुढे जाऊन नांगर टाकला.

गळाला तारलीसारखे मासे लावायचे, बर्फातले. लागतो तो स्नॅपर, गुलाबी, अंगावर निळे ठिपके, नावाला स्नॅपर पण आपल्या तांबोशीच्या जातीचा नाही हं, ब्रीमच्या. नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत ३० सेंटीमीटर भरला तरच ठेवायचा, आणि माणशी दिवसाला ७ च. चिनूने पट्टी लावून चार परत सोडले, एक तर २९ चा होता गं, माझा जीव गेला, तू असतीस तर त्या पट्टीलाच शिव्या घातल्या असत्यास. आपल्याकडेही २०२३ मध्ये किमान साइज ठरवलीये म्हणे, बाजारात कोण मोजतं ते तूच सांग. आणि अजून एक ऐक, असे पकडलेले मासे इथे विकायला बंदी, अदलाबदल पण चालत नाही. तुझी मुलगी मासे घेऊन आली आणि विकू शकली नाही!

आता जे बाबांना सांगायचं की नाही ते तू ठरव. परत निघालो आणि दहा मिनिटांत इंजिन बंद. परत सुरू केलं, परत बंद. वारा वाढत होता, माझे हातपाय गार, पण पोरीसमोर दाखवायचं कसं म्हणून उगाच इकडेतिकडे वायरी चाचपत बसले. चिनू म्हणाली मम्मी पेट्रोलचा डबा आत चेपलाय. बघते तर झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद, मीच सकाळी गळू नये म्हणून आवळला होता, हवा आत जात नाही म्हटल्यावर पेट्रोल तरी कसं येणार. स्क्रू सैल केला, डबा फुस्स करून फुगला, नळीवरचा रबरी बल्ब दाबून इंजिनात पेट्रोल भरलं आणि निघालो. कोर्समध्ये शिकवलेलं बरं का हे. पोरगी दहा वर्षांची, तिला दिसलं आणि मला नाही.

पाच मासे आणले. शेजाऱ्याने त्याच्या वाट्याच्या दोन्ही माशांची डोकी मलाच दिली, इथे बरेच जण डोकं टाकूनच देतात, माओरी आणि सामोआवाले मात्र आपल्यासारखे डोक्यासाठी जीव टाकतात. तुझा मसाला घालून आंबट कालवण केलं, पाव किलोच उरलाय आता.

बाबांना एक विचारायचं होतं. मुंबईच्या कोस्टल रोडच्या खांबांमध्ये बोटींसाठी १२० मीटरची जी वाट सोडलीये तिथून जाताना वारा आडवा असला तर ते काय करतात? इथे धक्क्याशी बोट लावताना मी दोनदा आपटली, तिसऱ्यांदा लागली. पण हे विचारायचं तर आधी सगळं सांगावं लागणार, म्हणून तूच सांग. जेवण झाल्यावर हां, उपाशीपोटी नको.

तुझी,
बाय