पहाटे साडेपाचची रिकामी खुर्ची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मतदान यंत्रावरून आपल्या पत्रस्तंभात जी जुगलबंदी रंगली आहे, ती मी रोज वाचतो. एक वाचक यंत्राला सरळ चोर ठरवतात, दुसरे त्याला गंगाजलाने धुऊन घेतात. यंत्र मतदान केंद्रावर पोहोचण्याआधी त्याचं काय काय केलं जातं, याचा मात्र कुणाच्याच पत्रात पत्ता नाही. मी जिल्हा परिषदेचा शिक्षक होतो. निवडणूक लागली की आमची ड्युटी ठरलेली. आधी मतदान अधिकारी, पुढे केंद्राध्यक्ष. यंत्राच्या पोटातली चिप मला कळत नाही, त्यामुळे तिच्याविषयी मी बोलणार नाही. पण यंत्राभोवतीचे नियम मी हाताने पाळले आहेत आणि ते कुठे पोकळ पडतात, हेही पाहिलं आहे.

आधी जरा जुनी गोष्ट. आपल्या देशात यंत्रावर पहिल्यांदा मतदान झालं ते १९८२ साली, केरळमधल्या परवूर मतदारसंघात, ५० केंद्रांवर. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या ५० केंद्रांवरचं मतदान रद्द ठरवून फेरमतदान घ्यायला लावलं. यंत्राने गफलत केली होती म्हणून नव्हे. कायद्यात फक्त मतपत्रिका होती, यंत्राला जागाच नव्हती म्हणून. मग लोकप्रतिनिधित्व कायद्यात ६१-अ हे कलम घातलं गेलं आणि निवडणूक संचालन नियमांत यंत्रासाठी वेगळे नियम आले. म्हणजे या यंत्राची जी काही इभ्रत आहे ती नियमांमुळे आहे. आणि हे नियम मी जितके वाचले, राबवले, तितकं एक जाणवत गेलं: जवळजवळ प्रत्येक पायरीवर त्यांनी एक साक्षीदार गृहीत धरलेला आहे. उमेदवाराचा माणूस तिथे हजर आहे, तो डोळे उघडे ठेवून बघतो आहे, सही करतो आहे, असं समजूनच सगळी रचना उभी केली आहे.

निवडणुकीच्या बऱ्याच आधी प्रथमस्तरीय तपासणी होते. यंत्रं बनवणाऱ्या दोन सरकारी कंपन्यांपैकी, म्हणजे भारत इलेक्ट्रॉनिक्स किंवा ईसीआयएल यांपैकी एकीचे इंजिनीअर येतात, जिल्ह्यातलं एकेक यंत्र तपासतात. ५ टक्के यंत्रांवर ५०० ते १२०० मतांचं अभिरूप मतदान, म्हणजे चाचणीपुरतं लुटुपुटूचं मतदान होतं. ही मतं राजकीय पक्षांच्या प्रतिनिधींनी स्वतः टाकायची असतात. मग मतं साठवणाऱ्या भागाला, म्हणजे कंट्रोल युनिटला, गुलाबी सील लागतं. हे सील आपल्या नाशिकच्या छापखान्यातून येतं आणि त्याच्यावर पक्षांच्या माणसांनी सह्या करायच्या असतात. त्यानंतर संगणकावर दोनदा सरमिसळ: पहिल्यांदा कुठलं यंत्र कुठल्या मतदारसंघात, दुसऱ्यांदा कुठल्या केंद्रावर. उमेदवारांची नावं पक्की झाली की व्हीव्हीपॅटमध्ये, म्हणजे दिलेल्या मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्रात, चिन्हं भरतात. तेव्हाही बघायला बोलावणं असतं, पडद्यावर दाखवलं जातं, पुन्हा ५ टक्के यंत्रांवर हजार-हजार मतं टाकून पाहतात. या प्रत्येक वेळी पक्षांना लेखी नोटीस जाते. किती जण येतात? माझे एक सहकारी तपासणीच्या कामावर होते. ते सांगत, सकाळी चार-पाच जण सही करून जायचे, दुपारी हॉलमध्ये इंजिनीअर आणि आम्हीच.

मी स्वतः जे पाहिलं ते मतदानाच्या दिवशीचं. मतदान सातला सुरू होणार असेल तर अभिरूप मतदान दीड तास आधी, म्हणजे पहाटे साडेपाचला. आदल्या दिवशी साहित्य घेऊन दुपारी गावात पोहोचलेलो, रात्री शाळेच्या वर्गात सतरंजीवर डासांशी झुंजलेलो, चारला उठून बॅटरीच्या उजेडात दाढी केलेली. व्हीव्हीपॅटच्या मागची कळ आडवी असते ती उभी करायची, यंत्रं जोडायची आणि मतदान प्रतिनिधींची वाट बघायची. वेळेवर कुणी नाही आलं तर नियम म्हणतो पंधरा मिनिटं थांबा. तरी नाही आलं तर तुम्ही सुरू करा आणि तशी नोंद करा. एका विधानसभेला माझ्या केंद्रावर डझनभर उमेदवारांपैकी पाऊण तासानंतर एकाचा पोरगा आला, तोही डोळे चोळत. बाकीचे आठच्या पुढे, नाश्ता करून.

मग ५० मतं. किमान ५०, प्रत्येक उमेदवाराला आणि ‘नोटा’लाही निदान एक. मत टाकत जायचं, शेजारी कागदावर खुणा करत जायचं, शेवटी क्लोज, रिझल्ट बघायचा, कागदाशी ताळा करायचा, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या काढून मोजायच्या, आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, क्लिअर. आमच्यात याला ‘सीआरसी’ म्हणतात: क्लोज, रिझल्ट, क्लिअर. प्रशिक्षणात शंभरदा घोकून घेतात आणि तरी कुठेतरी कुणीतरी विसरतो. विसरला की अभिरूप मतदानाची ५० मतं खऱ्या मतांत मिसळतात. संध्याकाळी मतदार नोंदवहीत ७१२ सह्या आणि यंत्रात ७६२ मतं, असा प्रकार. टीव्हीवर ‘मतं वाढली’ म्हणून जो गोंधळ होतो, त्यातला काही भाग हा एवढाच असतो: रात्रभर न झोपलेल्या मास्तरने एक बटण दाबलं नाही. त्यासाठीही नियम आहे. माझ्या ड्युटीच्या काळात असं यंत्र मोजणीत बाजूला ठेवत आणि विजयाचं अंतर त्यातल्या मतांपेक्षा कमी भरलं तर व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजत. पण ही चूक पकडायची सगळ्यात सोपी वेळ म्हणजे सकाळचे पावणेसात, जेव्हा क्लिअरनंतर यंत्र शून्य दाखवतं. शून्य बघायला समोर माणूस असेल तर चूक होतच नाही. चिठ्ठ्यांवर ‘मॉक पोल’चा शिक्का मारून काळ्या पाकिटात घालायच्या, पाकीट सील करायचं, कंट्रोल युनिटला हिरवं सील लावायचं, त्यावर प्रतिनिधींच्या सह्या घ्यायच्या. माझ्या त्या हिरव्या सीलवर एकच सही होती. बाकीच्यांनी नंतर विचारलं, “सर, आमची पण घेऊन टाका की.” लावलेल्या सीलवर कशी घेणार?

नियमांची निर्दोष स्तुती करायला मी हे पत्र लिहीत नाही. काही नियम चटके बसल्यावर सुधारले. २०१८ च्या मे महिन्यात भंडारा-गोंदियाच्या पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅट इतके बंद पडले की ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. तेव्हापासून जास्त उजेडाने ते बिघडतं म्हणून यंत्र खिडकीसमोर किंवा दिव्याखाली ठेवू नका, हे प्रशिक्षणात ओरडून सांगू लागले. आमच्या शाळांच्या खोल्यांना मात्र खिडक्या तिथेच आहेत जिथे आहेत, हा भाग निराळा.

एक नियम मात्र मला कधीच पटला नाही: ४९-एमए. मतदाराला काचेतून सात सेकंद चिठ्ठी दिसते. आपण दाबलं एकाला, छापलं दुसऱ्याचं, असं त्याला वाटलं तर त्याने लेखी तक्रार द्यायची. ती घेण्याआधी केंद्राध्यक्षाने त्याला बजावायचं की तक्रार खोटी निघाली तर तुझ्यावर गुन्हा दाखल होईल. मग सगळ्यांसमोर त्याच्याकडून एक चाचणी मत टाकून घ्यायचं. आता बघा, पहिल्या वेळी काय छापलं गेलं ते काचेआडच्या पेटीत पडलं. दुसऱ्या वेळी बरोबर छापलं तर पहिल्या वेळीही बरोबरच होतं असं धरायचं आणि माणूस खोटा ठरवायचा. गावातला साधा माणूस गुन्ह्याचं नाव ऐकून “जाऊ द्या सर” म्हणतो. माझ्यासमोर एक बाई असंच म्हणून निघून गेल्या. त्यांचं खरं होतं की नजरचूक, मला आजही सांगता येणार नाही. खोडसाळ तक्रारींना आळा हवा हे मान्य, पण तक्रार नोंदवहीत तरी यावी, गुन्ह्याची धमकी दिल्याशिवाय.

आणि विधानसभेला निदान चिठ्ठी तरी आहे. आपल्या नगरपालिका-महापालिकांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यात व्हीव्हीपॅटच नाही. एका प्रभागात तीन-चार जागांसाठी तितक्या वेळा बटण दाबायचं आणि आवाजावर विश्वास ठेवून बाहेर यायचं. ज्या मतदाराला लोकसभेला चिठ्ठी दाखवली, त्याला गटाराच्या आणि नळाच्या निवडणुकीत ती का नको, याचं तांत्रिक उत्तर मी ऐकलं आहे. ते मला कारण कमी आणि सबब जास्त वाटतं.

आता नमुना १७ सी. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष त्यात लिहितो: किती मतदारांनी नोंदवहीत सही केली, किती मत न देता परतले, चाचणी मतं किती, यंत्रात एकूण किती, सीलचे नंबर काय. याची प्रत हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला द्यायची आणि पोच घ्यायची. मोजणीच्या टेबलावर यंत्राचा आकडा याच कागदाशी ताडून बघतात. २०२४ च्या विधानसभेला संध्याकाळी पाचला ५८.२२ टक्के मतदान सांगितलं आणि अखेरचा आकडा ६६.०५ निघाला, त्यावरून केवढं रान उठलं. सहाला रांगेत उभे असलेल्यांना शेवटून पुढे चिठ्ठ्या वाटतात आणि तेवढ्यांचं मतदान संपेपर्यंत केंद्र चालू ठेवतात, हे त्या आरडाओरड्यात कुणी ऐकून घेतलं नाही. कोण किती वाजता आलं ते १७ सी सांगत नाही, हे खरं. पण टाकलेली मतं आणि मोजलेली मतं यांचा ताळा त्यावरून बसतो की नाही, ते कळतं. एका मतदारसंघात सरासरी साडेतीनशे केंद्रं. ज्या पक्षाकडे तेवढे १७ सी आहेत, त्याने एक दुपार बसून बेरीज करावी. मी शेवटच्या ड्युटीला एका प्रतिनिधीच्या हातात ती प्रत दिली तेव्हा त्याने विचारलं, “याचं काय करायचं सर?” आणि घडी करून तंबाखूच्या पुडीसोबत खिशात घातली.

मग आयोगाने काय करावं? १७ सीचा फोटो केंद्रनिहाय संकेतस्थळावर टाकावा. सर्वोच्च न्यायालयात मे २०२४ मध्ये हीच मागणी झाली होती, तेव्हा निवडणूक मध्यावर होती म्हणून न्यायालयाने हात घातला नाही. आता तर घाई नाही. उलट त्याच वर्षी २० डिसेंबरला निवडणूक संचालन नियमांतल्या नियम ९३ मध्ये बदल करून कॅमेऱ्याचं चित्रण वगैरे लोकांना पाहता येण्यावर बंधन आणलं गेलं. साक्षीदारावर उभ्या असलेल्या यंत्रणेने साक्षीच्या खिडक्या बंद करत जायचं, हे मला कळत नाही.

आणि आपल्याला एक विनंती. पाणीकपातीचं, लोडशेडिंगचं वेळापत्रक आपण चौकटीत छापता. तसंच जिल्ह्यातली प्रथमस्तरीय तपासणी कुठे, कधी, सरमिसळ कधी, चिन्हं कधी भरणार, हेही छापावं. आणि संध्याकाळी कोणत्या पक्षाचा माणूस तिथे होता आणि कोणाचा नव्हता, तेही दुसऱ्या दिवशीच्या अंकात यावं.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
जि. वाशीम