ग्रँट समजून घ्यायचा तर व्हिक्सबर्ग पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील यादवी युद्धावरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. त्यात निम्मी जागा गेटिसबर्गच्या लढाईला, श्रेष्ठ सेनापतीचा मान दक्षिणेच्या रॉबर्ट ली यांना, आणि उत्तरेच्या युलिसिस ग्रँट यांच्या वाट्याला 'माणसे व तोफा मुबलक होत्या म्हणून जिंकला' एवढे एकच वाक्य. व्हिक्सबर्गचा तर नुसता उल्लेख. ग्रँटविषयीचे ते वाक्य १८६४ च्या कोल्ड हार्बरच्या लढाईपुरते एखाद्याने मान्य केले तरी मे १८६३ च्या मोहिमेला ते मुळीच लागू पडत नाही.

व्हिक्सबर्ग हे दक्षिणेच्या ताब्यातले, मिसिसिपी नदीच्या पूर्व काठावरचे, सुमारे दोनशे फूट उंचीच्या कड्यांवर वसलेले गाव. त्याच्यासमोर नदी जवळजवळ उलटी फिरत असे, त्यामुळे वळण घेणारी प्रत्येक बोट तोफांच्या माऱ्यात सापडे. उत्तरेला याझू नदीची दलदल. डिसेंबर १८६२ मध्ये ग्रँट रेल्वेमार्गाच्या आधाराने जमिनीवरून पुढे सरकत होते, तेव्हा दक्षिणेच्या व्हॅन डॉर्नच्या घोडदळाने होली स्प्रिंग्ज येथील त्यांची रसदकोठी जाळून टाकली. त्याच महिन्याअखेर ग्रँटचे सहकारी शर्मन यांनी चिकसॉ बायू येथे कड्यांवर सरळ हल्ला केला आणि मार खाऊन परतले. मग हिवाळाभर कालवा खणणे, दलदलीतून वाटा काढणे, असे चार-पाच प्रयोग झाले. सगळे फसले.

अखेर ग्रँट यांनी ठरवले की सैन्य पश्चिम काठाने चालत गावाच्या दक्षिणेला न्यायचे आणि बोटी तोफांखालून काढायच्या. १६ एप्रिलच्या रात्री अॅडमिरल पोर्टर यांचा ताफा निघाला. बॉयलरभोवती कापसाच्या व गवताच्या गाठी आणि धान्याची पोती रचली होती, कोळशाचे पडाव बाजूला बांधले होते, दिवे झाकले होते आणि वाफेचा आवाज दबावा म्हणून ती बोट ढकलणाऱ्या चाकांच्या पेटीत सोडली होती. तरीही पहाऱ्याला चाहूल लागलीच. शत्रूने काठावर आगी पेटवून नदी उजळली, पण बोटी गावाच्या बाजूच्या काठाला इतक्या चिकटून गेल्या की वरच्या बऱ्याच तोफांना तेवढे खाली नेम धरणे जमेना. तीन मालवाहू बोटींपैकी एक बुडाली, बाकी ताफा पार झाला. खरा धोका वेगळाच होता. चिलखती बोटी प्रवाहाबरोबर खाली गेल्या तरी प्रवाहाविरुद्ध, त्याच माऱ्यातून, त्या संथ गतीने परत आणणे शक्य नव्हते, आणि हे पोर्टर यांनी आधीच बजावले होते. म्हणजे परतीचे दोर कापून घेतलेला हा निर्णय होता. नुसत्या संख्याबळावर विसंबणारा सेनापती असा निर्णय घेत नाही.

पुढचे पंधरा दिवस शत्रूची नजर दुसरीकडे वळवण्याचे. उत्तरेच्या ग्रिअरसनचे सुमारे १,७०० स्वार टेनेसीतून निघून मिसिसिपी राज्य उभे कापत, रेल्वे उखडत उत्तरेच्या ताब्यातील बॅटन रूजला पोचले. शर्मन यांनी व्हिक्सबर्गच्या उत्तरेला हल्ल्याचा देखावा केला. व्हिक्सबर्गचा बचाव करणाऱ्या सेनापती पेम्बर्टनकडे या हालचाली टिपायला पुरेसे घोडदळच उरले नव्हते, कारण व्हॅन डॉर्नचे स्वार जानेवारीत टेनेसीला पाठवलेले. व्हिक्सबर्गच्या दक्षिणेला नदीकाठच्या ग्रँड गल्फच्या तोफा २९ एप्रिलला गप्प झाल्या नाहीत, तेव्हा आणखी दक्षिणेला ब्रुइन्सबर्ग येथे धक्का आहे आणि तिथून आत चांगला रस्ता जातो, ही माहिती ग्रँटना एका कृष्णवर्णीय माणसाने दिली. ३० एप्रिलपासून तिथेच नदी ओलांडली गेली.

लेखात म्हटले आहे की यानंतर ग्रँट यांनी 'रसद तोडून' मुलूख लुटत कूच केले. अर्धसत्य आहे. मांस, मका, चारा मुलखातून उचलला हे खरे. पण दारूगोळा शेतात पिकत नाही. मळ्यांमधून जप्त केलेल्या बग्ग्या, बैलगाड्या, जे चाकावर चालेल त्यात काडतुसे भरली गेली. शिवाय ३ मे रोजी ग्रँटनी शर्मन यांना १२० वॅगनींचा तांडा उभा करायला सांगितले. आता हाती आलेल्या ग्रँड गल्फला त्यात एक लाख पौंड खारवलेले मांस भरायचे आणि उरलेल्या जागेत कॉफी, साखर, मीठ व कडक बिस्किटे. त्या काळी घोड्याला रोज १४ पौंड गवत व १२ पौंड धान्य लागे. हा बोजा मुलखावर टाकला म्हणूनच वॅगनी इतर मालासाठी मोकळ्या राहिल्या. थोडक्यात, कायमची पुरवठा रेषा सोडली, पुरवठा सोडला नाही.

समोरच्या बाजूला काय चालले होते ते पाहण्यासारखे आहे. पेम्बर्टनना दक्षिणेचे अध्यक्ष डेव्हिस सांगत होते, व्हिक्सबर्ग सोडू नका. वरिष्ठ सेनापती जॉन्स्टन सांगत होते, गाव सोडून मला येऊन मिळा. जॉन्स्टननी १३ मे रोजी पाठवलेला हुकूम तीन जासुदांच्या हाती होता आणि त्यातला एक उत्तरेचा हेर निघाला, त्यामुळे तो ग्रँटनाही वाचायला मिळाला. इकडे पेम्बर्टननी अधिकाऱ्यांची सभा भरवली. बहुमत जॉन्स्टनकडे जाण्याचे होते. त्यांनी दोन्ही सोडून तिसरेच ठरवले: ग्रँटची रसद कापायला दक्षिणेला जायचे. म्हणजे जी रेषा जवळपास नव्हतीच ती शोधायला निघाले! वाटेत पावसाने ओढ्यावरचा पूल वाहून गेल्याने काही तास वाया गेले. १६ तारखेला सकाळी जॉन्स्टनचा पुन्हा निरोप आला, सैन्य उलटे फिरवायचे ठरले, वॅगनींचा तांडा वळू लागला आणि त्या गोंधळातच चॅम्पियन हिलला ग्रँटशी गाठ पडली. ग्रँटचे सुमारे ३२,००० विरुद्ध पेम्बर्टनचे २२,०००. पेम्बर्टनच्या हाताखालच्या लोरिंगची तुकडी मुख्य सैन्यापासून तुटली ती परत गावात आलीच नाही. दोन मालकांच्या हुकमांत सापडलेल्या सेनापतीचे हे असेच होते; पेम्बर्टनना नुसते नालायक ठरवणे अन्यायाचे आहे.

सतरा दिवसांत पाच लढाया, सुमारे १८० मैल कूच. हानी ग्रँटच्या बाजूला सुमारे ४,३००, शत्रूची ७,००० च्या वर. ग्रँटचीही चूक झाली. १९ मेचा व्हिक्सबर्गवरचा हल्ला फसल्यावर २२ मे रोजी पुन्हा तटबंदीवर सरळ हल्ला केला आणि ३,००० हून अधिक माणसे गमावली. वर जखमींना उचलण्यासाठी युद्धतहकुबी व्हायला २५ तारीख उजाडली. मग मात्र मोर्चे, खंदक आणि सुरुंग. २५ जूनला एका बुरुजाखाली २,२०० पौंड दारू उडवली, तरी गाव पडले ते उपासमारीने, ४ जुलैला. सुमारे २९,५०० सैनिक आणि १७२ तोफा हाती आल्या. एवढ्या कैद्यांना उत्तरेला न्यायचे तर सगळ्या बोटी अडकल्या असत्या, म्हणून पॅरोलवर, म्हणजे पुन्हा न लढण्याच्या वचनावर, सोडले. त्यातले अनेक पुन्हा लढायला उभे राहिले, हा त्या सवलतीचा तोटा.

आता गेटिसबर्ग. लींचे तिथे सुमारे २८,००० लोक कामी आले, जखमी झाले किंवा पकडले गेले, त्यात ३ जुलैच्या उघड्या मैदानावरील पिकेट हल्ल्यात सामील झालेल्यांपैकी सुमारे निम्मे. पण १४ जुलैपर्यंत त्यांचे सैन्य पोटोमॅक ओलांडून व्हर्जिनियात परतले होते आणि पुढे एकवीस महिने लढले. व्हिक्सबर्गला सबंध सैन्यच नकाशावरून पुसले गेले. फोर्ट डोनेल्सन, व्हिक्सबर्ग, अॅपोमॅटॉक्स: शत्रूची तीन सैन्ये शरण घेणारा त्या युद्धात दुसरा सेनापती नाही. त्या जुलैत युद्ध संपले नाही, हे मुंबईच्या कापूस बाजाराला तर चांगलेच ठाऊक होते. दक्षिणेचा कापूस अडवणारी नाकेबंदी चालूच राहिली, आणि कापसाच्या पैशावर चढलेली बॅकबे या समुद्र-भरणी कंपनीच्या शेअरची धुंदी १८६५ मध्ये उतरली.

लेखमाला पुढे चालणार असेल तर चॅटनूगा १८६३ वर जरूर लिहावे. तिथे वेढ्यात अर्ध्या रसदीवर आलेल्या उत्तरेच्या सैन्यासाठी ग्रँट यांनी ऑक्टोबरअखेर ब्राउन्स फेरीवाटे नवा पुरवठामार्ग उघडला, सैनिक त्याला 'क्रॅकर लाइन' (बिस्किटांची वाट) म्हणत. सोबत नकाशा द्यावा, आणि त्यात नदी व रेल्वेमार्ग दोन्ही दाखवावेत.

आपला,
युद्धेतिहासाचा एक वाचक, नाशिक